लॅपटॉपची हार्ड डिस्क आवाज करतेय: काय ऐकायचं, काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

"डिस्क आवाज करतेय" एवढंच कुणी फोनवर सांगितलं, तर त्यावरून काही कळत नाही. "शांत असताना दर दहा-पंधरा सेकंदांनी एकदा टक होतं, बाकी सगळं नीट चालतं" असं सांगितलं, तर अर्धं निदान तिथेच होतं. म्हणून आधी कान द्या. माझ्याकडे दुरुस्तीला येणारे लॅपटॉप साधारण यांपैकी एखादा आवाज घेऊन येतात:

- सुरू होताना किंवा फाइल उघडताना हलकी खरखर. काम थांबलं की तीही थांबते.
- काहीही उघडलेलं नसताना सतत खरखर, आणि लॅपटॉप रेंगाळतो.
- शांत असताना मधूनच एक बारीक टक, थोड्या वेळाने परत एक.
- लाइट गेल्यावर किंवा बटण दाबून धरून बंद केल्यावर एकच मोठा टक.
- टेबलावर ठेवला की घूंsss, हातात उचलला की गायब.
- सारख्या अंतराने टक-टक-टक, मग तबकडी मंदावल्याचा आवाज, परत फिरणं, परत टक-टक. सोबत हँग होणं, निळी स्क्रीन, नाहीतर "बूट डिव्हाइस सापडत नाही".
- सुरू करताना बीप-बीप किंवा कुईं-कुईं, आणि तबकडी फिरल्याची जाणीवच नाही.
- धातूवर धातू घासल्यासारखी खर्रर्र.

शेवटच्या तीनपैकी आवाज असेल तर लॅपटॉप आत्ता बंद करा आणि थेट "इथे थांबायचं" या भागावर जा. मधलं काहीही करून बघू नका. पहिला आवाज हा आजार नाहीच, डिस्क काम करतेय एवढाच त्याचा अर्थ. बाकीच्यांनी क्रमाने पुढे यावं.

आवाज डिस्कचाच आहे ना?

फुकटातली तपासणी ही, आणि तीच लोक विसरतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, "परफॉर्मन्स" मध्ये जा. विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्यांत आणि ११ मध्ये डिस्कच्या नावाखाली एचडीडी (म्हणजे फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क) की एसएसडी ते लिहिलेलं असतं. फक्त एसएसडी असेल तर आवाज डिस्कचा असूच शकत नाही, कारण तिच्यात फिरणारं काहीच नाही. मग तो पंख्याचा, नाहीतर बोर्डावरच्या कॉइलची बारीक किईं. काही लॅपटॉपमध्ये दोन्ही असतात, विंडोज एसएसडीवर आणि डेटा हार्ड डिस्कवर, तेव्हा यादी पूर्ण बघा.

हार्ड डिस्क असेल तर पंख्याशी घोळ होतो. पंख्याचा आवाज कामाच्या ताणाबरोबर चढतो-उतरतो आणि जाळीतून गरम हवा येते. डिस्कची गुणगुण मात्र एकाच पट्टीत असते. बहुतेक लॅपटॉपमध्ये डिस्क कीबोर्डखाली तळहात टेकतो त्या बाजूला असते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक खालच्या झाकणावर अलगद टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. कुठून येतंय ते लगेच कळतं. डीव्हीडी ड्राइव्ह असलेला जुना लॅपटॉप असेल तर ट्रे उघडून बघा. आत राहिलेली सीडी सुरू होताना भयंकर घरघरते.

पुढे जाण्याआधी बॅकअप

स्वस्तातल्या तपासण्या आधी, असा क्रम मी लावते. पण बॅकअप त्या सगळ्यांच्या पुढे. कारण पुढची जवळजवळ प्रत्येक तपासणी डिस्कला वाचायला लावते, आणि डिस्क खरंच जात असेल तर तिचे उरलेले तास तपासणीत घालवण्यात अर्थ नाही. निदान नंतरही करता येईल.

सगळी सी ड्राइव्ह उचलायच्या फंदात पडू नका. विंडोज आणि सॉफ्टवेअर परत टाकता येतात. जे दुसरीकडे कुठेच नाही ते आधी: फोटो, टॅलीचा डेटा फोल्डर, प्रबंध, मेलची फाइल. डीटीपीवाल्यांनी आपले जुने फॉन्ट विसरू नयेत. फाइल वाचते, फॉन्ट राहतात, आणि मग मजकुराच्या जागी नुसती अगम्य चिन्हं दिसतात.

एक-एक फोल्डर घ्या. एखाद्या फाइलवर कॉपी अडकून बसत असेल तर विंडोजबरोबर येणारी रोबोकॉपी ही कमांड वापरा. पण तिला "आर:१" आणि "डब्ल्यू:१" हे दोन पर्याय देऊनच. मुळात ती एका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते, आणि दोन प्रयत्नांमध्ये तीस सेकंद थांबते. दुखऱ्या डिस्कवर हा अत्याचार आहे. एकदा नाही जमलं तर सोडून पुढे जा, असं तिला सांगावं लागतं.

आणि हेही आत्ताच बघा: डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे का? अनेक नव्या लॅपटॉपवर हे आपल्याला न कळत चालू असतं. तसं असेल तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. उद्या डिस्क दुसऱ्या मशीनला लावली आणि ती की नसली, तर चांगली डिस्कही तुमच्या उपयोगाची नाही.

टेबल, स्क्रू, कंप

५४०० आरपीएमची डिस्क सेकंदाला ९० फेरे घेते, ७२०० ची १२०. त्या वेगाने फिरणाऱ्या तबकडीचा तोल कधीच शंभर टक्के नसतो. थोडा कंप राहतोच, आणि खालचा पृष्ठभाग त्याच सुरात थरथरला की आवाज मोठा होतो. एका किराणा दुकानातला बिलिंगचा लॅपटॉप असाच आला होता. माझ्या लाकडी टेबलावर शांत, दुकानात घूं. दुकानात तो पत्र्याच्या काउंटरवर ठेवलेला असायचा, आणि खालच्या चारपैकी दोन रबरी बुटं झिजून गेली होती. नवी बुटं चिकटवली, खाली जाड रबराची चटई टाकली, संपलं.

मऊ गादीवर किंवा उशीवर मात्र ठेवू नका. आवाज दबतो, पण हवेची जाळीही दबते.

चटईने फरक पडला नाही तर खालचं झाकण. अडॅप्टर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, नसेल तर आत गेल्यावर तिचा कनेक्टर आधी सोडवा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. डिस्कच्या पत्र्याच्या चौकटीचे स्क्रू सैल आहेत का बघा. आधी कुणी लॅपटॉप उघडला असेल तर चारातला एखादा स्क्रू गायब असणं अगदी नेहमीचं. सैल डिस्क नुसती खडखडत नाही. ती हलली की हेड, म्हणजे तबकडीवरचा डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, आपल्या वाटेवरून सरकतं आणि तेच पुन्हा वाचावं लागतं. लॅपटॉप वॉरंटीत असेल किंवा झाकणाला क्लिपा असतील आणि तुम्हाला सवय नसेल, तर हा भाग दुकानातून करून घ्या. तुटलेली क्लिप स्क्रूपेक्षा महाग पडते.

सतत खरखर आणि रेंगाळणं

इथे डिस्क बिचारी बहुतेक वेळा निर्दोष असते. टास्क मॅनेजरमध्ये "डिस्क" या रकान्यावर क्लिक करा, जास्त वापर करणारे प्रोग्रॅम वर येतील. नवं विंडोज टाकल्यानंतर किंवा मोठ्या अपडेटनंतर सर्च इंडेक्सिंग आणि अँटिव्हायरसची पहिली फेरी काही तास चालते. चालू द्या. लॅपटॉप रात्री चार्जिंगला लावून, झाकण उघडं आणि स्लीप बंद करून ठेवला की बरेचदा सकाळपर्यंत आटपतं. एकावर एक दोन अँटिव्हायरस टाकलेले असतील तर त्यातला एक काढा.

पण मला सर्वांत जास्त दिसणारं कारण वेगळंच: ४ जीबी रॅम. विंडोज १०, ब्राउझरचे दहा टॅब आणि व्हॉट्सॲप एवढ्यात ती भरते. मग विंडोज न मावणारा भाग डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलत आणि परत आणत बसतं. डिस्क दिवसभर धावते, खरखरते, झिजते. टास्क मॅनेजरमध्ये "मेमरी" सतत नव्वद टक्क्यांच्या आसपास असेल तर डिस्क बदलायच्या आधी रॅमचा विचार करा. ८ जीबी केल्यावर आवाज बंद झालेले लॅपटॉप मी बरेच परत दिलेत. मात्र काही पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच झाळलेली असते आणि वाढवता येत नाही. घेण्याआधी विचारा.

अधूनमधून एकच टक

लॅपटॉपची डिस्क थोडा वेळ काम नसलं की हेड तबकडीवरून बाजूला घेते आणि एका उतारावर नेऊन ठेवते. याला पार्किंग म्हणतात. वीज वाचते, आणि धक्का बसला तरी हेड तबकडीवर आदळत नाही. तो बारीक टक याचाच. काही लॅपटॉपमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, त्यामुळे नुसता उचलला तरी टक होतं. तेही ठीक.

अडचण होते ती पार्किंग अति वेळा झालं तर. लॅपटॉपच्या बऱ्याच डिस्का सहा लाख पार्किंगसाठी बनवलेल्या असतात. दर तीस सेकंदांनी एकदा म्हणजे तासाला १२०. रोज दहा तास वापर धरला तर दिवसाला १,२००, आणि सहा लाख ५०० दिवसांत संपतात. सहा लाखांनंतर डिस्क लगेच मरते असं नाही, पण मोजमाप कळावं म्हणून सांगितलं.

हा आकडा क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्रॅममध्ये "लोड अनलोड सायकल काउंट" या नावाने दिसतो. त्याच प्रोग्रॅमच्या प्रगत पर्यायांत एपीएम नावाची, डिस्कने वीज किती वाचवायची ते ठरवणारी पट्टी आहे. ती कमाल कामगिरीच्या बाजूला, २५४ वर नेली की बहुतेक डिस्का पार्किंग जवळजवळ थांबवतात. लॅपटॉप बंद करून चालू केला की ही सेटिंग जाते, म्हणून प्रोग्रॅम सुरुवातीलाच आपोआप चालू होईल असं करून ठेवावं लागतं. लिनक्सवर हेच काम एचडीपार्म ही कमांड करते. एक लक्षात ठेवा: लॅपटॉप रोज लोकलने किंवा एसटीने फिरत असेल तर हे करू नका. चालू लॅपटॉप हातात घेऊन फिरणाऱ्याला ते पार्किंग हवंच आहे. टेबलावर बसून राहणाऱ्या लॅपटॉपसाठी हा उपाय.

लाइट गेल्यावरचा मोठा टक याच कुळातला, पण जास्त वाईट. बॅटरी पूर्ण मेलेले आणि "डायरेक्ट" अडॅप्टरवर चालणारे लॅपटॉप आपल्याकडे घरोघरी आहेत. लाइट गेली की डिस्कला सावरायला वेळच मिळत नाही. फिरत्या तबकडीच्या उरलेल्या वेगातून तयार होणाऱ्या विजेवर ती हेड कसंबसं मागे खेचते. क्रिस्टलडिस्कइन्फोत ही नोंद "पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट काउंट" अशी येते. उपाय बॅटरीचा, नाहीतर छोट्या यूपीएसचा. डिस्कला हात लावायची गरज नाही.

आकडे बघायचे ते असे

क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलंच आहे तर बाकीचंही बघून घ्या. आधी आकडे दशमान पद्धतीत करा. मुळात ते सोळाच्या पद्धतीत असतात, आणि "१०" म्हणजे तिथे सोळा असतात. नवखा माणूस एक तर उगाच घाबरतो, नाहीतर उगाच निर्धास्त राहतो.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तिचा क्रमांक असतो; त्यांतल्या ०५ आणि सी५ या दोन ओळी सर्वांत महत्त्वाच्या. ०५ म्हणजे खराब म्हणून बाद केलेले आणि राखीव जागेतून बदललेले सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे छोटे कप्पे. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचा बाकी असलेले. सी६ हा त्याचाच भाऊ. दोन्ही शून्य असतील तर उत्तम. ०५ मध्ये थोडे असून वर्षानुवर्षं तेवढेच राहिलेल्या डिस्का मी चालताना पाहिल्यात. म्हणून आजचा आकडा तारखेसह लिहून ठेवा आणि आठवड्याने परत बघा. वाढला असेल तर डिस्क बदलायची, त्यात चर्चा नको.

सी७ वेगळा. तो डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या संवादातल्या चुका मोजतो, आणि तो वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा कनेक्टरचा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क थेट सॉकेटमध्ये न बसता एका पातळ पट्टीच्या केबलने जोडलेली असते. ती काढून नीट बसवा, मुडपली असेल तर बदला. पट्टी तशी स्वस्त असते. तापमान पन्नासच्या वर रेंगाळत असेल तर पंखा साफ करा. सीगेटच्या डिस्कांत ०१ आणि ०७ समोर कोट्यवधींचे आकडे दिसतात. तो त्यांचा आकडे साठवण्याचा प्रकार आहे, सोडून द्या.

वरचं हिरवं किंवा निळं "गुड" बघून मात्र समाधान मानू नका. टक-टक करणारी डिस्कही कधीकधी "गुड" दाखवते. हा प्रोग्रॅम डिस्कने स्वतः टिपलेलंच सांगतो, आणि हेडची यांत्रिक झीज तिला नेहमी कळतेच असं नाही. कान आणि आकडे यांचं जमलं नाही तर मी कानाचं ऐकते.

चेकडिस्क कधी

"चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणारी कमांड) मार" हा सल्ला सगळ्यांत आधी मिळतो, म्हणून तो इतक्या खाली ठेवलाय. "स्लॅश आर" लावून चेकडिस्क चालवली की ती अख्खा पृष्ठभाग वाचते, तासन्‌तास, आणि सापडेल तिथे फाइलींच्या नोंदी दुरुस्त करत, म्हणजे डिस्कवर लिहीत जाते. धडधाकट डिस्कला चालतं. सी५ वाढत असलेल्या डिस्कवर बॅकअपशिवाय हे करणं म्हणजे दम लागलेल्या माणसाला जिना चढायला लावण्यासारखं आहे. बॅकअप हातात असेल तरच, आणि निकालात खराब सेक्टर आले तर पुढच्या भागाकडे वळा.

बदलायची ठरली तर

नवी हार्ड डिस्क घेऊ नका, २.५ इंची साटा एसएसडी घ्या. आवाजाचा विषयच संपतो. जुन्या काही लॅपटॉपची जागा ९.५ मिलिमीटर जाडीची असते आणि एसएसडी ७ ची; सोबतची प्लॅस्टिकची चौकट लावली नाही तर ती आत हलते.

जुनी डिस्क ठीक असेल तर क्लोन करा, म्हणजे विंडोजसकट ती जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवा. सी५ मध्ये आकडा असेल तर विंडोज नव्याने टाका आणि डेटा बॅकअपमधून आणा. अर्धवट वाचलेल्या सिस्टिम फाइलींसकट केलेला क्लोन पुढे महिनाभर छळतो. डेटा अजून काढायचाच राहिला असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अवघड जागांवर नंतर परत येतं, आणि कुठवर पोचलं याची नोंद ठेवतं. मात्र कुठून कुठे कॉपी करायचं यात उलटापालट झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते. कमांड आणि डिस्कचा आकार जुळवून बघितल्याशिवाय एंटर दाबू नका.

जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये लावल्यावर टक-टक करू लागली तर लगेच घाबरू नका. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० देतो ९००, आणि अशा डिस्कला फिरायला लागताना अँपिअरच्या आसपास लागू शकतो. आधी दुसरा पोर्ट, आखूड केबल, किंवा दोन यूएसबी टोकांची केबल लावून बघा. तरीही टक-टक असेल तर खालचं वाचा.

इथे थांबायचं

लयीत टक-टक आणि डिस्क दिसतच नाही, बीप, खर्रर्र, किंवा लॅपटॉप पडल्यावर, पाणी-चहा सांडल्यावर सुरू झालेला कुठलाही नवा आवाज. क्लोन चालू असताना आवाज बदलला किंवा वेग किलोबाइटवर घसरला, तरी हेच. लयीतला टक म्हणजे हेडला आपली जागा सापडत नाही आणि ते परत-परत सुरुवातीला जातंय. बीप म्हणजे मोटर जोर लावतेय पण तबकडी फिरत नाही, बहुतेकदा हेड तबकडीला चिकटल्यामुळे. खर्रर्र म्हणजे हेड तबकडीवर घासतंय, आणि ज्या थरात तुमचा डेटा आहे तोच खरवडला जातोय. चालू ठेवाल तेवढा डेटा कायमचा जाणार.

डेटाची गरज नसेल तर काही प्रश्नच नाही, एसएसडी टाका. गरज असेल तर डिस्कला पुन्हा वीज देऊ नका आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे न्या. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत ओल धरते. टेबलावर आपटू नका. बोर्ड बदलून बघू नका. गेल्या दोन दशकांतल्या बहुतेक डिस्कांत त्या-त्या डिस्कची जुळणी बोर्डावरच्या चिपमध्ये असते. आणि झाकण कुणालाही, मलाही, उघडू देऊ नका. हेड तबकडीवरून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं, आणि साध्या खोलीतल्या धुळीचा कण त्या फटीच्या शेकडो पट मोठा असतो. हे काम क्लीन रूममध्येच होतं, आणि हेड बदलायचं तर त्याच जातीची दुसरी डिस्क मिळवावी लागते. त्यामुळे खर्च बहुधा पाच आकडी होतो.

देण्याआधी विचारा: तपासणीचे पैसे किती, डेटा नाही निघाला तर काय, क्लीन रूम त्यांची स्वतःची आहे की डिस्क पुढे पाठवणार, आणि काम न करता डिस्क आहे तशी परत मिळेल का. त्यांना खरं काय झालं ते सांगा, पडला असेल तर पडला म्हणा. कुठले फोल्डर हवेत त्याची यादी द्या. सगळ्या डिस्कपेक्षा तीन फोल्डर लवकर निघतात. डिस्क स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीत, वर बबल रॅपचे दोन-तीन वेढे घालून द्या. डिस्कची वॉरंटी बाकी असेल तरी ती घाईने कंपनीला पाठवू नका. कंपनी बदलून दुसरी डिस्क देते, पण त्यात तुमचा डेटा नसतो, आणि पाठवलेली डिस्क परत येत नाही.